उभी असताना तापते की पळताना? गल्लीतल्या गॅरेजचं एक प्रकरण

गाडी सँट्रो झिंग, २०१० ची, पेट्रोल, १०८६ सीसी. प्रकरण घडलं तेव्हा ७१ हजार किलोमीटर झालेले. घेतल्यापासून एकाच मिस्त्रीकडे जायची. लॉकडाऊनमध्ये त्यांनी पुण्यातलं गॅरेज आवरलं आणि ते बार्शीकडे गावी निघून गेले. पुढची तीन वर्षं गाडी फारशी पळाली नाही. ऑइल बदलायचं तेवढं जिथे सवलत दिसेल तिथे बदलून घ्यायचे. थोडक्यात, मे २०२३ मध्ये गाडीला भरवशाचा माणूस नव्हता आणि मलाही तो शोधायचं सुचलं नव्हतं.

त्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही चौघं साताऱ्याला निघालो. एसी सुरू. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग असूनही रांग होती. तिथे दहा-बारा मिनिटं गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तापमानाचा काटा एरवी निम्म्याच्या खाली असतो, तो पाऊण भागावर गेलेला मी पाहिला. नाका ओलांडून वेग घेतला तसा तो आपोआप खाली आला, म्हणून मी विसरून गेले. हे विसरणं पुढे महागात पडणार होतं.

खंबाटकीच्या चढावर दोन ट्रकांच्या मागे अडकलो आणि काटा लाल पट्टीत गेला. बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली. मी रेडिएटरच्या टोपणाला हात घालणार इतक्यात मागे थांबलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, ‘ताई, हात नका लावू, तोंडावर येईल!’ चाळीस मिनिटं थांबून, प्यायच्या बाटलीतलं पाणी कूलंटच्या डब्यात ओतून घाट उतरलो. सुरूर फाट्याजवळ एका टपरीवजा गॅरेजवाल्याने तीनशे रुपयांत थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा तोडगा सुचवला. ‘नसलेलंच बरं, गाडी थंड राहील.’ हा इलाज जुना आहे आणि वाईट आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिनाला लवकर ऊब येत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं. आम्हाला उशीर झाला होता म्हणून नको म्हटलं. ते शहाणपण होतं असं नाही.

रविवारी रात्री परतलो. सातारा-पुणे बाजूला घाट चढावा लागत नाही, बोगदा आहे. एसी बंद, रस्ता मोकळा. काटा हलला नाही.

४१ हजार

सोमवारी गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. चकचकीत फरशी, कॉफीचं मशिन, टॅबलेट घेऊन उभे असलेले सर्व्हिस ॲडव्हायझर. मी सांगितलं, ‘खंबाटकी घाटात गाडी तापली.’ एवढंच. टोलनाक्याचं सांगितलं नाही, परतीच्या प्रवासाचंही नाही. त्यांनी विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी एस्टिमेट आलं. हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) किट ४,१००, रेडिएटर असेंब्ली ६,८००, वॉटर पंप २,४००, टायमिंग बेल्ट किट ३,९००, थर्मोस्टॅट ९००, होज (रबरी नळ्या) आणि किरकोळ २,९००. पार्ट झाले २१,०००. इंजिन खोलण्याची मजुरी आणि हेड फेसिंग (हेड घासून सपाट करणं) मिळून १२,०००. पार्टवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के जीएसटी धरून ४१,०४०. ऑइल-कूलंट वेगळं. गाडी विकायला काढली असती तर लाखभर आले असते.

मी फोन केला. तो संवाद मी लगेच वहीत उतरवून ठेवला होता, तो जवळपास असा:

‘हेड गॅस्केट गेलंय हे कशावरून?’

‘मॅडम, घाटात लोडवर हीट झाली ना. कूलंट पण कमी आहे.’

‘कॉम्प्रेशन तपासलं का?’

‘ते मॅडम, इंजिन खोलल्यावर कळेलच.’

‘मग खोलायच्या आधी एस्टिमेट कसं काढलं?’

‘या मॉडेलला हेच होतं, मॅडम.’

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, हा शब्द मला आदल्या रात्री भावाने शिकवला होता. माझी गाडीविषयीची सगळी विद्या तेवढीच. पण तपासणी नाही आणि निदान आहे, हे कळायला इंजिनाचं ज्ञान लागत नाही. तपासणी शुल्काचे ५९० रुपये भरून गाडी बाहेर काढली.

त्या मुलाला मी लबाड म्हणत नाही. त्याने गाडीचं बॉनेट उघडून दोन मिनिटं पाहिलं असेल. जुनी गाडी, वॉरंटी संपलेली, गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलेलं. संशय असलेलं सगळंच बदललं तर गाडी परत येत नाही आणि महिन्याचं टार्गेटही पुढे सरकतं. पंचवीस-सव्वीस वर्षांच्या पोराने यात वेगळं काय करावं? पण त्या व्यवस्थेत ‘आधी स्वस्तातली शक्यता तपासू’ म्हणणाऱ्या माणसाला जागाच नव्हती, हेही खरं.

माणूस शोधण्याची खटपट

सोसायटीत विचारलं तर सहा नावं आली. प्रत्येकासोबत एकच प्रशस्तिपत्र: ‘माणूस चांगला आहे.’ जरा खोदून विचारलं की कळायचं, चांगला म्हणजे गोड बोलतो, वेळेवर गाडी देतो, धुऊन देतो. त्याने सांगितलेलं काम खरंच करायची गरज होती का, हे सहापैकी एकालाही सांगता येईना. कसं येणार? गाडी नीट होऊन आली म्हणजे निदान बरोबर होतं, असंच आपण धरून चालतो.

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थतज्ज्ञांनी १९७३ मध्ये नेमकी ही अडचण मांडली होती. काही सेवा अशा असतात की पैसे मोजून, वापरून झाल्यावरही आपल्याला त्या हव्या होत्या की नव्हत्या हे कळत नाही. गाडीची दुरुस्ती हे त्यांच्याच उदाहरणांपैकी एक. माझ्या बाबतीत हिशोब करून पाहा. मी ४१ हजार दिले असते, पंधरवड्यात पावसाळा लागला असता, गार हवेत काटा वर गेला नसता आणि ‘महाग पडलं पण काम चोख झालं’ असं मीच चार लोकांना सांगितलं असतं.

दोन गॅरेजांत जाऊन आले. एकाने गाडी न बघता फोनवरच २५ हजार सांगितले. दुसऱ्याने माझ्याशी न बोलता सोबत आलेल्या नवऱ्याशीच बोलणं चालवलं. नवऱ्याला क्लच आणि ब्रेक यापलीकडे गाडीतलं काही कळत नाही आणि त्याने ते दोनदा सांगूनही पाहिलं.

मग एक वेगळी वाट सुचली. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. शहरभरचे मिस्त्री तिथून माल उचलतात. कोण ओरिजिनल नेतो, कोण लोकल माल नेऊन ओरिजिनलचं बिल मागतो, हे काउंटरवरच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. तो ते सांगेल अशी आशा नव्हती. मी हेड गॅस्केटचा भाव विचारला आणि जाता जाता म्हटलं, ‘सिंहगड रस्त्याकडे तुमच्याकडून माल नेणारं कोण आहे?’ त्याने दोन नावं घेतली. दुसऱ्याबद्दल किंचित वैतागून म्हणाला, ‘ते आप्पा ना, पार्ट परत आणून देतात. गाडीला लागला नाही म्हणतात. आम्हाला डोक्याला तापच आहे.’

सहा शिफारशींत जे मिळालं नाही ते या एका तक्रारीत मिळालं. आणलेला पार्ट गाडीला लागला नाही म्हणून परत करणारा मिस्त्री.

बॉनेट उघडण्याआधीचं निदान

आप्पांचं गॅरेज सिंहगड रस्त्याच्या आत एका गल्लीत. पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, दोन गाड्या मावतील एवढी जागा, हाताखाली एक पोरगा. मी गाडी लावली. त्यांनी बॉनेटला हात लावायच्या आधी हात पुसत विचारलं, ‘तापते कधी? उभी असताना का पळताना?’

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावलं. पळत्या गाडीत समोरून वारा लागतो, रेडिएटर त्यावर थंड होतो. उभ्या गाडीला वारा नाही, तिथे पंख्याचं काम. पळताना तापत असेल तर पाणी फिरत नाही, रेडिएटर चोक आहे, थर्मोस्टॅट अडकलाय, नाहीतर हेडपर्यंत गोष्ट गेलीय. फक्त उभी असताना, रांगेत, ट्रकच्या मागे तापत असेल तर आधी पंखा बघायचा. तेव्हा मला टोलनाका आठवला. परतीची रात्रही आठवली. दोन्ही सांगितलं तसे आप्पा म्हणाले,

‘मग आज नका ठेवू. उद्या सकाळी थंड गाडी आणा. गरम इंजिनात मला कायच बघता येत नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी तिथेच स्टूल टाकून बसले. आधी ऑइलचं झाकण उघडून त्यांनी आतली बाजू मला दाखवली. हेड गॅस्केट फुटून पाणी ऑइलमध्ये गेलं तर तिथे चहावरच्या सायीसारखा पांढुरका थर येतो. आमच्या झाकणाला साधं काळपट ऑइल होतं. मग रेडिएटरचं टोपण काढून, काठोकाठ पाणी भरून इंजिन सुरू केलं. ‘बुडबुडे बघा, सारखे यायला लागले तर सांगा.’ सुरुवातीला दोन-चार आले, मग पाणी शांत. एक्झॉस्टचा धूर बघितला, धूर नव्हताच. एवढं होईपर्यंत खर्च शून्य.

टोपण लावून, एसी सुरू करून गाडी तशीच उभी ठेवली. काटा निम्म्यावर आला, पुढे सरकला. पंखा फिरेना. आप्पांनी वायर काढून बॅटरीवरून थेट करंट दिला, तरी नाही. मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या पाठीवर टक् टक् असं दोनदा ठोकलं. पंखा कण्हत कण्हत फिरू लागला. ‘कार्बन संपलेत,’ पोरगा म्हणाला. आप्पांनी मान डोलावली. मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजले की मोटर कधी चालते, कधी अडकते. 

कार्बन बदलून साडेचारशेत काम भागलं असतं. पण मोटरचा बुशही (दांडा ज्यात फिरतो ती कडी) ढिला झाला होता. ते म्हणाले, ‘कार्बन टाकून देतो म्हणलात तर देतो, पण वर्षाची खात्री नाही. तुमचं तुम्ही ठरवा.’ नवी मोटर २,४५०. मी नवी घेतली. जुनी मोटर नव्या खोक्यात घालून त्यांनी न मागता माझ्या डिकीत ठेवली. खोक्यावर किंमत छापलेली होती, तेवढीच लावली होती.

हेड गॅस्केटची शंका माझ्या डोक्यातून जात नव्हती. गाडी लाल पट्टीत जाऊन आली होती, म्हणजे आधी गॅस्केट धड असलं तरी त्या उष्णतेने जाऊ शकलं असतं. मीच कॉम्प्रेशन तपासायला सांगितलं. आप्पांना ते अनावश्यक वाटत होतं. तसं ते म्हणालेही आणि चारशे रुपये होतील हेही आधी सांगितलं. चारही प्लग काढून एकेका सिलिंडरला गेज (दाब मोजायचं यंत्र) लावला: १६८, १७०, १६५, १७०. चारही जवळपास सारखे. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मधून गॅस्केट गेलं असतं तर ते दोन आकडे धाडकन खाली आले असते. त्या चारशे रुपयांत मी झोप विकत घेतली.

आप्पांची चूक

इथे गोष्ट संपायला हवी होती. दहा दिवसांनी भोरला जाऊन आले आणि गाडी लावल्यावर खाली ओला डाग दिसला. कूलंटचा डबा तोंडापर्यंत भरून बाहेर सांडत होता. काटाही नेहमीपेक्षा थोडा वर. पंखा तर व्यवस्थित फिरत होता.

खरं सांगते, त्या रात्री मला पहिलं वर्कशॉप बरोबर होतं असं वाटलं. स्वस्तातलं निदान आवडतं म्हणून आपण ते खरं मानलं, असंही वाटलं.

आप्पांनी गरम गाडीचा वरचा होज फडकं धरून दाबला. मऊ लागला. मलाही दाबायला लावला. गरम इंजिनात तो होज फुगून टणक व्हायला हवा. रेडिएटरचं टोपण दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. साधारण एक बार दाब राहिला तर उकळायला १२० अंशांच्या आसपास जावं लागतं. टोपणाचं रबर आणि स्प्रिंग थकली की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळतं, डब्यात ढकललं जातं आणि सांडतं. आमच्या टोपणाचं रबर नखाने दाबल्यावर भेगाळत होतं. तेरा वर्षांचं टोपण.

‘हे माझं चुकलं,’ आप्पा म्हणाले. ‘टोपण त्याच दिवशी माझ्या हातात होतं. पंखा सापडला आणि मी पुढं बघितलंच नाही.’ टोपणाचे २२० घेतले, मजुरी नाही. घाटात ओतलेलं साधं पाणी काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवं कूलंट भरायचं ठरलंच होतं, ते ९०० रुपयांचं. तेही तेव्हाच उरकलं.

मला आप्पांवर विश्वास बसला तो या दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला ते हुशार वाटले होते. हुशारी तर फसवणाऱ्यालाही असते.

पैसे कसे मिळतात, हे विचारलं

हिशोबाच्या वेळी मी जरा संकोचतच विचारलं, तुम्हाला यात सुटतं किती? त्यांनी लपवलं नाही. दुकानदार त्यांना छापील किमतीत सूट देतो, तो फरक त्यांचा. म्हणून मजुरी कमी ठेवता येते. या कामाची ६०० होती. ‘पार्ट तुम्ही आणून दिला तर बसवीन, पण मजुरी दीडपट घेईन. आणि बाहेरच्या पार्टची जबाबदारी माझी नाही.’ मला हे रास्त वाटलं. शंभर रुपये वाचवायला मी नाना पेठेत पार्किंग शोधत फिरायचं आणि चुकीचा पार्ट आणायचा, यात कुणाचंच भलं नाही.

बिल कच्चं, वहीच्या पानावर. गॅरेज जीएसटीच्या मर्यादेखालचं, त्यामुळे पक्कं बिल मागण्यात अर्थ नव्हता. त्याऐवजी त्या पानावर तारीख, किलोमीटर, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहून सही मागितली आणि पैसे यूपीआयने दिले. आप्पांनी पान लिहिताना कपाळाला आठ्या घातल्या, पण लिहिलं. पंख्यापासून टोपणापर्यंत एकूण ४,५७०.

पहिल्या एस्टिमेटमधली एक गोष्ट मात्र बरोबर होती, ती नोंदवायला हवी. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे भाग एका ताळमेळात फिरवणारा पट्टा. जूनमध्ये आप्पांनी कव्हर सोडून पट्टा दाखवला. उलटा वाकवला की दातांच्या मुळाशी बारीक चिरा दिसत होत्या. ‘हा आज बदला, यात उद्या-परवा नको.’ टेन्शनरसकट (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि मजुरीसकट ४,४०० गेले. पैसे वाचवून देणारा मिस्त्री शोधायला मी निघाले होते, आणि त्याच मिस्त्रीने मला न ठरवलेल्या खर्चात घातलं. पट्टा बघितल्यावर वाद घालायला जागा नव्हती.

मर्यादा

आप्पांकडे सगळ्या गाड्या न्याव्यात असं नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि हायब्रिड ते घेतच नाहीत, दारातूनच परत पाठवतात. स्कॅनर आहे, पण साधा. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचतो, त्यापुढे अनेक कंपन्यांच्या प्रणालीत शिरता येत नाही. यात त्यांचा आळस नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो याच मुद्द्यावर: सुटे भाग, तपासणीची उपकरणं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणी मिळत नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. आप्पांना मी त्याबद्दल सांगितलं तेव्हा ते एका अल्टोखाली झोपले होते. तिथूनच म्हणाले, ‘त्याच्यावर वायरिंगचा नकाशा मिळतो का?’

दुसरी मर्यादा माझ्या बाजूची. मी दोन सकाळी स्टूलवर बसू शकले. ज्याला नऊला कामावर हजर व्हायचं असतं, त्याला हे परवडत नाही आणि मोठी वर्कशॉपं त्याच गरजेवर उभी आहेत. तिथे घरून गाडी नेतात, घरी आणून देतात. त्याची किंमत असणारच.

गाडी त्यानंतर दोन उन्हाळे व्यवस्थित चालली. खेड शिवापूरच्या रांगेत पंखा सुरू झाल्याचा घुर्रर्र आवाज येतो, तेव्हा मी अजूनही एसीच्या बटनाकडे बघते आणि मग काट्याकडे. आप्पांच्या शेडशेजारच्या जुन्या चाळीवर पुनर्विकासाची पाटी लागली आहे. शेडची जागाही त्याच मालकाची. कडुनिंबाखाली आता फक्त एकच गाडी उभी करता येते. धायरीच्या पुढे जागा बघतोय, असं आप्पा मागच्या वेळी म्हणाले. नव्या जागेचा पत्ता मिळाला की कळवा, म्हणून मी माझा नंबर त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून आले आहे.